प्रभूच्या भाकरीचा तवा

दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलायची, बिघडवायची, आणि वर साळसूद तोंड करून चर्चमध्ये पुढच्याच सतरंजीवर बसायचं, ही ताईबाईची रीत. मित्रांनो, मी तिला ओळखून आहे.

मी एक जुना लोखंडी तवा आहे. वरणगावच्या बाजारात लोहारानं मला ठोकून घडवलं आणि पहूरच्या झुंबरबाईनं तीनदा बोटानं वाजवून मला निवडलं. घरी आल्या आल्या तिनं बजावलं, "यावर फक्त प्रभुभोजनाची भाकर होईल. दुसरं काही टाकाल तर हात मोडीन." महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पहाटे आंघोळ करून भाकर भाजायची. चर्चमध्ये पाळकसाहेब ती मोडून प्रभूच्या आठवणीत साऱ्या मंडळीला द्यायचे. लोक "अक्काची भाकर" म्हणायचे, तेव्हा ती पदर सावरायची, आणि मला नव्यानं घडवल्यासारखं वाटायचं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती लेकीकडे नशिराबादला गेली. तिची धाकटी जाऊ ताईबाई त्याच अंगणात राहायची. तिला वर्षाचा काळा मसाला करायचा होता आणि तिचा तवा पडला लहान. तिनं मला खुंटीवरून काढलं, माझ्यावर दोन किलो मिरच्या भाजल्या, ओलं फडकं फिरवलं आणि गपचूप परत टांगलं. मिरची लोखंडात मुरते, मित्रांनो. फडक्याला ती दाद देत नाही.

झुंबरबाई परतली ती सर्दी घेऊन. नाक बंद, वास कसला तो नाही. नेहमीसारखी भाकर झाली. पाळकसाहेबांनी घास घेतला आणि त्यांना ठसका लागला. मग बठ्ठी, झाडून सारी मंडळी खोकू लागली. मागे बसलेले उखर्डूनाना डोळे पुसत म्हणाले, "अरे, हे प्रभुभोजन शे का ठेचा?" लोक हसले. ताईबाईच पुढे झाली. "वय झालं अक्काचं. पुढच्या महिन्यापासून भाकरीचं मी पाहीन."

मला तोंड असतं तर तिचं नाव भर चर्चमध्ये घेतलं असतं. तेव्हापासून मनात एकच होतं. एकदा तिनं पुन्हा हात लावावा. असा चटका देईन की पाच बोटांचे पाच फोड मोजत बसेल.

झुंबरबाई तीन आठवडे चर्चला गेली नाही. मला राखेनं घासघास घासायची, चुलीवर तापवायची आणि काहीच भाजायची नाही. ताव पाहायला माझ्यावर तळवा धरायची, तो थरथरायचा. एके सकाळी ती मोठ्यानं बोलली, "देवा, लोक काही म्हणोत. तुला तर खरं ठाऊक शे ना? का तूही खोकलास?" मग चुलीतलं लाकूड पुढे सारलं. डोळे पुसले. "तुला ठाऊक शे. मग झालं." तिनं पुन्हा तळवा धरला. तो हलला नाही.

तिच्यावरचा ठपका तसाच होता, भाकर गेली ती गेलीच होती, तरी हात निवांत. देवाची शांती अशी येते, हे मी पाहिलं. पण खरं सांगतो, मला शांती नको होती. मला ताईबाई हवी होती.

शनिवारी ती आलीच. दुसऱ्या दिवशी तिची पहिली भाकर, आणि तिच्या तव्यावर पीठ चिकटत होतं.

"अक्का, तुमचा तवा द्या ना. या वेळी राखेनं चांगला घासून घेते."

"या वेळी?" झुंबरबाईनं मान वर केली. "आधी कधी घेतला होतास?"

ताईबाईचा चेहरा उतरला. "त्या... मिरच्यांना. पण पुसला होता हो मी!"

मी चुलीवर लाल झालो होतो. झुंबरबाईनं सांडशी उचलली. मला वाटलं, आता! पण तिनं मला उतरवून आपल्या पाठीमागे ठेवलं.

मित्रांनो, वस्तू मागून न्या, आणि बिघडली तर तसं सांगून परत करा. नाहीतर ताईबाईला जे ऐकावं लागलं ते तुम्हालाही ऐकावं लागेल.

"ताईबाई, माफ केलं तुला. दात-ओठ खाऊन केलं, ते देवानं पाहिलं. पण उद्या मंडळीपुढे उभी राहून तूच सांगशील मिरच्या कुणी भाजल्या ते. भाकर मीच भाजीन. आणि पीठ तू मळशील. माझ्या डोळ्यांपुढे, जन्मभर!"