निळी चादर

"परत मीच पडलोय सगळीकडे," युजीन माझ्या कानाशी पुटपुटले. "झोपलो होतो एका जागी. आता बघ, उशीवर मी, चादरीवर मी, तुझ्या चष्म्यावरसुद्धा मी."

उजाडत होतं. ते बिछान्यावर बसून तळहाताने चादर पुसत होते आणि पुसतील तसा कातडीचा कोंडा आणखी पसरत होता. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. हे मी रोज म्हणते.

चूक त्या निळ्या चादरीची होती. म्हणजे माझीच.

युजीनना सोरायसिस होऊन दोन वर्षं झाली. कोपर, गुडघे, पाठ आणि डोकं. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, आम्ही वसईत त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला लागलो. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत दोघांना समोर बसवून सांगितलं. मी ते गल्लीत इतक्या जणींना सांगितलं की चर्चमध्ये आणखी वेगळी सूचना वाचायची गरज उरली नाही. शेजारच्या ज्युलीने सुचवलं, कळंबच्या समुद्रात डुबकी मारा. चार रविवार मारली. कातडी भाजल्यासारखी चुरचुरली, नाक तेवढं उन्हाने सोलून निघालं.

मग मी माझं तंत्र बसवलं. रात्री डोक्याला कोमट खोबरेल, वरून जुना टॉवेल. कोपरांना मलम आणि त्यावर जुन्या बनियनच्या कापलेल्या बाह्या. सकाळी चादर ओढायची नाही, ओढली की सगळं हवेत. चारी कोपरे आत घ्यायचे, गाठोडं करायचं आणि मागे केळींत नेऊन, वारा पाठीशी घेऊन झटकायचं. मग गरम पाणी. आणि चादरी फक्त पांढऱ्या. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. दोरीवर एवढ्या पांढऱ्या चादरी बघून ज्युली विचारते, काय गो, लॉज काढलास काय?

डायना, आमची मुलगी, शुक्रवारी दुपारी दोह्याहून आली, चार महिन्यांच्या एलिसाला घेऊन. जावई मागून येणार होता. रविवारी एलिसाचा बाप्तिस्मा. डायनाने बॅग उघडून पहिली बाहेर काढली ती निळी, चकचकीत चादर. आजच घाल म्हणाली. लेकीने एवढ्या लांबून आणलेली चादर कपाटात कशी टाकायची? घातली. समुद्राएवढी निळी. दोन वर्षांची माझी हुशारी एका रात्रीत त्या चादरीने उघडी पाडली. वर तांदळाचं पीठ चाळावं तशी दिसत होती.

पण खरं बिनसलं होतं ते आदल्या संध्याकाळीच.

आमच्या घरची एक रीत आहे. पहिल्या बाळाला घरापासून चर्चच्या दारापर्यंत आईच्या बापाने न्यायचं, चालत. डायनाला माझ्या बापाने नेलं होतं, चिखलातून, अनवाणी. युजीननी दोन महिने आधीपासून वाटेतले दगड उचलायला सुरुवात केली होती. आणि जेवताना डायना सहज म्हणाली, पप्पांना एवढं चालायला जमेल का, ऊन असतं, स्टॅनीमामा नेतील तर? स्टॅनी म्हणजे माझा धाकटा भाऊ. युजीननी घास गिळला आणि लगेच म्हणाले, हो, खांदा जरा दुखतोच आहे. स्टॅनी बरा. मी डाळ वाढली. दुपारपासून एलिसा आईच्या हातातून आजाकडे गेलीच नव्हती. कधी दूध प्यायची वेळ होती, कधी झोपेची, कधी तिला ढेकर यायचा होता.

मला डायनाचा राग आला होता. रात्रभर मी तो राग घेऊन कूस बदलत होते. शिकलेली मुलगी, आणि स्वतःच्या बापाला घाबरते.

तर आता मी निळ्या चादरीचे कोपरे गोळा करत होते, तेवढ्यात डायना बाळाला खांद्यावर टाकून दारात आली. लहानपणी ती स्वतः उठल्याबरोबर येऊन आमच्या मधे घुसायची, त्याच सवयीने आली असावी. तिने चादर बघितली. उंबऱ्यावरच थांबली. एलिसाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"या खोलीत डास आहेत वाटतं," ती म्हणाली.

"आहेत ना, खूप," युजीन म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. "मी स्टॅनीला फोन करतो. हा खांदा काही ऐकत नाही."

ते फोन शोधायला लागले. फोन समोर होता.

मी डायनाला बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिची नजर आता चादरीवर नव्हती. पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला माझी वेगळी एकेरी चादर होती, पांढरी, आणि त्या चादरीच्या नि युजीनच्या जागेच्या मधे लोड. पंख्याचा वारा सोसत नाही म्हणून मी आधी भिंतीकडे सरकले होते. मग चादर वेगळी केली. मग लोड आला. पंखा मात्र छताच्या मधोमध आहे, वारा दोघांना सारखाच लागतो. ते डायनाला एका क्षणात कळलं. गणिताचे मास्तर असलेल्या माणसाला दोन वर्षांत कळलं नसेल का?

गाठोडं माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं. ठेवताना एक कोपरा सुटला आणि सगळं फरशीवर सांडलं, माझ्या पायांवर. मी पाय हलवले नाहीत.

"फोन ठेवा," मी म्हटलं. "खांदा दुखत नाही तुमचा."

"आग्नेस, जाऊ दे."

"एलिसाला उद्या तुम्हीच न्यायचं. डायना तिला तुमच्याकडे देत नाही कारण तिला भीती वाटते. आणि तिला मी बोलू शकत नाही." माझा आवाज माझाच वाटत नव्हता. "युजीन, पंख्याचं काही नव्हतं. लागत नाही हे मला ठाऊक होतं, तरीसुद्धा. मला किळस यायची."