हळदीवर निळा लावू नका

मी एक जुनी आयशॅडोची पॅलेट आहे. हसू नका मित्रांनो! फाटक्या छत्रीचं आणि मोडक्या सायकलीचं आत्मवृत्त तुम्ही वहीत आवडीनं लिहिता, मग पापण्यांना लावायच्या रंगांनीच तुमचं काय घोडं मारलंय? माझ्यात बारा खण, बारा रंग, झाकणाला आरसा. आरशाला आता तडा गेलाय. माझं डोकं तर त्याच्या कितीतरी आधी गेलं, आणि ते कशानं गेलं तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रंगाची भुकटी पत्र्याच्या वाट्यांत दाबून बसवली की झालो आम्ही तयार. तिथून मी मुंबईच्या घाऊक बाजारात गेले आणि विनिताच्या पिशवीतून कर्जतला आले. विनिता मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन इकडे आली आणि बाजारपेठेत मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत तिनं पार्लर थाटलं. हात गोड, स्वभाव त्याहून गोड. फक्त गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायची वेळ आली की हिची दातखीळ बसायची.

आणि गिऱ्हाइकं तरी कशी! हिरवी साडी, म्हणून पापण्या हिरव्या. राणी कलरची साडी, म्हणून पापण्या राणी कलर. हळदीला तर घरातल्या झाडून साऱ्या बायकांच्या साड्या एकाच रंगाच्या, मग गोरी असो, सावळी असो, सगळ्यांच्या डोळ्यांवर एकच रंग फासायचा. "ताई, मॅचिंग पायजे!" अहो, ते डोळे आहेत की ब्लाउजपीस? रंग बघायचा तो मनगटावर लावून, तोही ट्यूबलाइटच्या उजेडात. लग्न उन्हात, रंग डोळ्यांवर, आणि पारख मनगटावर! मी आतल्या आत चरफडायचे.

माझ्या कोपऱ्यातल्या खणात एक तांबूस तपकिरी रंग होता, चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा. सावळ्या चेहऱ्यावर तो काय खुलला असता! पण त्या रंगाची साडी कोणी घेत नसे, त्यामुळे त्याच्याकडे ढुंकून बघायला कोणाला सवड नव्हती.

एके दिवशी अक्षदा आली. कर्जतजवळच्याच एका गावातली पोरगी, रंगानं सावळी, डोळे मोठे, रसायनीच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला. तिचं लग्न खालापूरकडच्या किरणशी ठरलं होतं आणि त्याआधी मेकअपची ट्रायल होती. सोबत होणारी सासू, धोंडूबाई. अक्षदाचं बोट आपण होऊन माझ्या कोपऱ्यात गेलं. तिनं तो तांबूस रंग एका पापणीला लावला, खिडकीशी गेली आणि आरशात पाहून स्वतःशीच हसली. मला वाटलं, चला, देव पावला!

कसला पावतोय. धोंडूबाई म्हणाल्या, "ह्यो? ह्यो तं मातीचा रंग. लग्नाला चाललीस का भातलावणीला? आमच्या किरणचा फेटा निळा हाय, निळा लाव. जोडी उठून दिसली पायजे."

अक्षदानं तो रंग पुसून टाकला. विनिताची दातखीळ ठरलेलीच. निळा लागला.

निघताना धोंडूबाई सहज बोलून गेल्या, "आन् नोकरीचं लग्नानंतर बघू. एवढी धावपळ करायची काय गरज हाय?" अक्षदानं त्यालाही मान डोलावली. ती नोकरी तिनं रडून, भांडून, आईबापाला पटवून मिळवली होती. मला तिचा राग आला मित्रांनो, खरंच आला. अगं, स्वतःच्या पापणीचा रंग तुला सांगता येत नाही, तर नोकरीचं तू काय कपाळ सांगणार?

पण खरा घोळ पुढेच होता. विनिताच्या माहेरी हळद म्हणजे आंब्याच्या पानानं गालाला बोट लावायचं, आंघोळ करायची, संपलं. इकडच्या बायकांना ती हळदीसाठी नटवून द्यायची, पण इकडची हळद तिनं पाहिलीच नव्हती आणि हळद लागलेली नवरी नटवायची ही तिची पहिलीच वेळ. इकडे नवरीला हळद लावत नाहीत, हळदीत बुडवतात! मावश्या, आत्या, काकू, शेजारणी, सगळ्या मूठमूठ घेऊन तुटून पडतात. दुसऱ्या दिवशी पोरगी कितीही घासली तरी पिवळीधमक.

तशीच अक्षदा लग्नाच्या सकाळी हॉलमधल्या खोलीत विनितापुढे बसली. विनितानं चेहऱ्यावर क्रीम थापून पिवळेपणा झाकला, पापण्यांवरून मात्र पातळ हात फिरवला आणि ब्रश माझ्या निळ्या खणात घातला. मी मनातून ओरडत होते, अगं बाई, थांब! पिवळ्यावर निळा पडला की काय होतं, हे चित्रकलेच्या तासाला बसलेल्या कोणत्याही पोराला विचार!

व्हायचं तेच झालं. पापण्या झाल्या हिरवट. तेवढ्यात वराकडची साडी घेऊन धोंडूबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाय बाय! हिला कोणी मारलं काय?"

विनितानं घाईनं पुन्हा ब्रश उचलला. "थांबा, अजून एक हात देते," म्हणत तिनं आणखी निळा चोपडला. आता पापण्या शेवाळासारख्या दिसू लागल्या. बाहेर फोटोवाला दार ठोठावत होता आणि मुहूर्त जवळ आला होता. धोंडूबाईंचा घोशा चालूच, "अजून लाव गं, निळा दिसला पायजे!" चूक झाकायला तीच चूक पुन्हा. मला वाटलं, आपण होऊन खाली पडावं आणि फुटावं.

अक्षदानं आरशात पाहिलं. मग ओला कापूस उचलला आणि दोन्ही पापण्या स्वच्छ पुसल्या.

"आई, निळा नको," ती धोंडूबाईंना म्हणाली. "मला ह्यो शोभतो. मी ह्योच लावणार."

तिनं बोट माझ्या कोपऱ्यातल्या खणात घातलं आणि स्वतःच्या हातानं रंग लावला. हळदीच्या पिवळ्यावर तो तांबूस रंग असा काही पेटला की विनिताच्या तोंडून "आई गं!" निघून गेलं. धोंडूबाई बघतच राहिल्या. तेवढ्यात पोरीनं दुसरंही सांगून टाकलं, बहुतेक धीर संपायच्या आत सांगायचं ठरवलं असावं.

"आन् आई, सुट्टी संपली का मी कंपनीत जाणार हाय."

धोंडूबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, एका वेळी एकच सांग गं बाय!"

मग पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे बघून पुटपुटल्या, "मातीचाच रंग हाय. पर तुला बरा दिसतो." नोकरीबद्दल हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. विनितानं त्याच दिवशी मला अक्षदाच्या हातात ठेवलं. म्हणाली, "तुझीच आहे ही, घेऊन जा."

त्यानंतर रोज सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, अक्षदा माझं झाकण उघडायची आणि तो एकच रंग लावायची. तुमची शपथ घेऊन सांगते, माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ मी सुखाचा पाहिला. त्या खणाचा तळ लागला, खालचा पत्रा चमकायला लागला. निळा मात्र जसाच्या तसा, काठोकाठ.

आता मी म्हातारी झाले. माझे रंग शिळे झालेत, त्यांना वास येतो. अक्षदानं मला दोनदा कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि दोन्ही वेळा धोंडूबाईंनी बाहेर काढलं. "भरलेला हाय की निळा! टाकायचा कशाला?" बाकीच्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा म्हणून. मी हात जोडून उलटं विनवते. मला जपू नका, डोळे जपा. शिळा रंग डोळ्याला लावू नका, दुसरीचा ब्रश वापरू नका, आणि लावायचाच असेल तर उजेडात उभं राहून, आपल्या तोंडाकडे बघून लावा. साडीकडे बघून नव्हे!

परवा धोंडूबाईंच्या धाकट्या लेकीचं, रियाचं लग्न ठरलं. कोण्या पाहुणीनं सुचवलं, "नवऱ्याचा कोट मरून कलरचा हाय, पापण्याबी मरून कलरच्या करू." धोंडूबाई कपाटापाशी गेल्या, मला काढलं, रिकाम्या खणाच्या कडेनं बोट फिरवलं, आणि मी आपली जीव मुठीत धरून बसलेली.

"तिला काय शोभतं ते तिलाच बघू दे," त्या म्हणाल्या. "आन् अक्षदा, रंग हळद झाल्यावर बघा गं, आधी नको."

मला रडूच आलं. इतक्या वर्षांनी एका माणसाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला!

मग त्यांनी माझं झाकण लावलं, मला फडक्यानं पुसलं आणि पुन्हा कपाटात ठेवलं. निळा अजून भरलेला आहे ना!