उरलेला धागा

तांडापेठेतल्या कोष्ट्यांचा दोन हजार पाचशे वीस या आकड्यावर भारी जीव. दोनानं भागा, सातानं भागा, नवानं भागा. एकापासून दहापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. मागाच्या ताण्यात तेवढे उभे धागे असले की कुठलीही नक्षी बिनतक्रार बसते. इतका समजूतदार आकडा माणसाच्या पोटी मात्र जन्माला येत नाही.

नत्थूजी कोष्ट्याच्या पोटी ताराचंद आणि बाबूलाल आले. देशाची वाटणी होऊन पाच वर्षं झाली होती, आता बाप गेल्यावर यांनी घराची मांडली. माग, भांडी, कौलंसुद्धा निम्मी निम्मी झाली. म्हातारी आई कुणाकडे राहणार, हा विषय मात्र दोघांनी शिताफीनं टाळला. तुळजाबाई ओट्यावर बसून होती. दोघांतल्या एकानं तरी म्हणावं, माय माझ्याकडे, एवढीच तिची आस.

शेवटी राहिला बापानं आजारपणात लावलेला रेशमाचा ताणा. गल्लीत तो बांबूंवर ताणून पंचांनी धागे मोजले. दोन हजार पाचशे एकवीस! पुन्हा मोजले, तरी तेवढेच. पंच मारोतरावांनी वरचा धागा ओढून हातात धरला.

"एक उरून राहिला गा," ते म्हणाले.

"बुढ्याचा हात कधी चुकला नाही," ताराचंद उसळला. "दोघांत सारखे वाटाले बावीस असतीन. यानं एक चोरला!"

"चोर कोणाले म्हणून राहिला?"

बाबूलालच्या हातात मागाचा धोटा होता. त्याचं लोखंडी टोक त्यानं थोरल्याच्या कपाळात घातलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी ताराचंदनं धागा हिसकून मुठीत आवळला आणि दुसऱ्या हातानं मुसळ उचललं. धाकट्याचं कोपर काडकन मोडलं. लोंबत्या हातानंच बाबूलाल त्याच्यावर पडला आणि मुठीला कडकडून चावला. पंच भिंतीला चिकटले. शेजारणी किंचाळत आत पळाल्या.

तुळजाबाई मधे घुसली. थोरल्याचं मुसळ तिच्या खांद्यावर बसलं, तेव्हा कुठे दोघं थांबले.

"कोणी चोरला नाही, मेल्यांनो! तुमच्या बापानंच तो जास्तीचा घातला. मले म्हणे, दोघांत वाटोत का दहा जणांत, एक उरतेच. दहाच्या पुढंही हा आकडा कोणाच्या भागानं कटत नाही. जो हा उरलेला धागा घेईन, त्यानं मायले ठेवावं."

ताराचंदची मूठ उघडली. दातांनी न उघडलेली मूठ आपसूक उघडली आणि धागा मातीत पडला.

"लहान्यालेच देऊन टाका," तो कपाळ पुसत म्हणाला.

"पहिला मान मोठ्याचा," बाबूलाल कण्हला. "मले नाही लागत."

म्हातारीच्या काळजाला आग लागली. तिनं ओट्याखालचा विळा ओढला. पोरं दचकून मागं सरली, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ताणलेल्या रेशमावर तिनं विळा आडवा चालवला, एकदा, दोनदा, सपासप. तुटलेले धागे उसळून रक्तात आणि मातीत लोळले.

"काहून कापून राहिली वं बाई?" मारोतराव ओरडले.

"घ्या, वाटा आता. काही उरत नाही."

मग तिनं पडलेला तो एक धागा उचलला, कनवटीला खोचला आणि दुखरा खांदा धरून गल्लीच्या तोंडाकडे चालू लागली.