जळूभाऊ

आमच्या दिघोरीच्या बोडीत, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहान तलावात, सारी पोरं नागडी उतरायची. चड्डी घालून उतरणारा मी एकटा. जळवा लागतात, असं सांगायचो. त्यातल्या खुशालनं माझं नावच ‘जळूभाऊ’ पाडलं. शिंगाडे काढताना, म्हशी धुताना सगळे त्याच नावानं हाक मारायचे आणि मीही आनंदानं ओ द्यायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

खरं कारण मला आणि मायलाच ठाऊक. माझ्या गोट्या खाली उतरल्याच नव्हत्या. माय अंघोळीआधी जवसाचं तेल कोमट करून लावायची, म्हणायची, उतरतील. तिला दोष कसा देऊ? तिला कोणी दुसरं सांगितलंच नाही. तो वास आला की अजून मला भरून येतं.

पुढं लग्न झालं, लेकरू झालं नाही. भावाची पोरं खांद्यावर खेळवली. यंदा भावाचा नातू कुलदीप वर्षाचा झाला आणि त्याचंही तेच निघालं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्याच्या आईला, शालूला, स्वच्छ सांगितलं होतं की आता आपोआप उतरायच्या नाहीत. लहानसं ऑपरेशन करून जागेवर बसवू, पण उशीर नको, नाहीतर पुढं मूल होणं कठीण. त्याची आजी शकुनवहिनी ऐकेल तर शपथ. नाव कुलदीप ठेवायचं आणि त्यालाच कापायला न्यायचं का, म्हणे.

ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी ती पोराला पायांवर निजवून तेलाची वाटी घेऊन बसली. शालू दारात रडत उभी. मला जवसाचा वास आला.

“माही माय बी तेलच लावत होती, वयनी,” मी म्हणालो.

वहिनीनं वर माझ्याकडे पाहिलं. मग तिनं वाटी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि शालूला विचारलं, “सकाळची बस कितीले हाय वो?”

ऑपरेशनचे टाके सुकून आता काही महिने झाले. परवा कुलदीपला बोडीवर नेलं. नागडा पाण्यात बसून तो थपडा मारत होता. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, खुशाल बसला होता.

“जळू लागन ना त्याले,” तो म्हणाला.

“या बोडीत जळवा कधी नव्हत्याच, खुशाल.”

खुशाल पोराकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. अंग झटकून उठला.

“चाल भैय्यालाल, पोराले भूक लागली असन.”

उभ्या जन्मात त्यानं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. आणि मला, वेड्याला, जळूभाऊचीच आठवण येत राहिली.