चौसष्टमध्ये न मावलेली झांज

बिटरेट निवडा.

६४. १२८. १९२. ३२०. संगणकावर आवाज साठवताना हा आकडा लहान, तर फाइल लहान. फाइल लहान करायला संगणक आवाजातलं काहीतरी टाकून देतो. आधी जातात ते सगळ्यांत वरचे, किणकिणते आवाज. म्हणजे दौलतकाकांची झांज.

लालबागच्या भजन मंडळाच्या तीस कॅसेटी, आता पेनड्राइव्हवर उतरवायच्या. कव्हरवर बुवांचं नाव, पेटीवाल्याचं, पखवाजवाल्याचं, मंडपवाल्याचंसुद्धा. एकतीस वर्षं झांज वाजवलेल्या दौलतकाकांचं नाही. ते फक्त आवाजात होते.

"तीनशे वीसवर करूया," अक्षदा म्हणाली. स्टुडिओत ती रोज हेच काम करते, त्यामुळे तिचं मत विचारात घेण्याचा प्रश्नच नव्हता.

"चौसष्ट," अध्यक्ष रामदास म्हणाले. आठ जीबीचा पेनड्राइव्ह ही सभासदांना त्यांची सप्रेम भेट; वर फोटोही त्यांचाच. आत सहा जीबी त्यांच्या सत्काराचा व्हिडिओ. उरलेल्या जागेत भजनं. संस्कृती अशीच जपायची असते.

फरक ऐकून पाहा.

अक्षदाने एकच अभंग दोनदा लावला. दोन्ही वेळा चौसष्टच. सांगितलं मात्र नाही.

"दुसरा एकदम खणखणीत!" रामदास म्हणाले. कमिटीने माना डोलावल्या.

दौलतकाका डोळे मिटून बसले होते. हात मांडीवर अचूक पडत होता. स्पीकरमध्ये झांजेच्या जागी कुणीतरी पापड तळत होतं.

"काका, झांज येतेय?"

"येता गो. चकचकीत येता."

खोटं नव्हतं. झांज त्यांना येतच होती, फक्त स्पीकरमधून नाही. एकतीस वर्षं कानाशी झांज वाजवल्यावर वरचे आवाज ऐकणारा कान उरतो कुठे?

"झांजवाल्यालाच चालतंय," रामदास म्हणाले, "मग तुझं काय जातंय?"

सर्वानुमते ६४. नंतर चहा. चहाला जास्त वेळ लागला, कारण साखरेवर मतभेद होते.

जाताना दौलतकाका दारात थांबले. "नातीक ऐकवचा हा. तिना माका वाजवताना बघूक नाय."

नात नऊ वर्षांची. कान कोरे.

ठराव पाळायचा?

३२०.

जागा अपुरी. काढून टाकायच्या फाइल्स निवडा.

अक्षदाने एकच निवडली.

पुढच्या बैठकीला दौलतकाकांनी, पेनड्राइव्ह ऐकून नातीने पाठवलेला निरोप सगळ्यांना ऐकवला. मोबाइल कानाला लावून स्वतः पुन्हा ऐकला: "आजोबा, केवढ्या जोरात वाजवायचास रे! आई कान धरून बसली."

"ते राहू दे," रामदास म्हणाले. "अक्षदा, अगं पेनड्राइव्हमध्ये माझा सत्कार दिसत नाहीये!"

"असं कसं, काका? ठरल्याप्रमाणे चौसष्टवर घातलाय."

"मग दिसत का नाही?"

"दुसऱ्यांदा लावा ना. एकदम खणखणीत दिसेल."