तळाचं हाड

"ते हाड पुन्हा पर्समध्ये घाल," रूफस टॉलिव्हर मागे वळूनही न बघता म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात त्याची मेहुणी क्लोटिल उभी होती. डोक्यावर चर्चला जायची जांभळी टोपी, हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेला पुडा. धुरी दिलेल्या डुकराच्या पायाचा वास तिच्याआधीच घरात शिरला होता.

"पाठीला डोळे आहेत का रे तुला?"

"नाक आहे."

"हे बघ, मी भांडायला नाही आले. जन्मभर तू शाळेची बस चालवलीस, मी कधी सांगितलं का गिअर कसा टाकायचा? मग चुलीपाशी माझं ऐक. हाडाशिवाय चवळी म्हणजे नुसतं उकडलेलं पाणी. ब्यूला टपून बसलीय. पातेलं भरलेलं परत आलं ना, तर ओराची जागा गेली म्हणून समज."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणे! मग?"

"मग काही नाही. कॉफी घे."

क्लोटिल म्हणत होती ते खरेच होते. दरवर्षी ऑगस्टमधल्या या एका रविवारी शिकागोला, डेट्रॉइटला गेलेली माणसे अलाबामात आपापल्या गावी परतत आणि प्रार्थना झाली की चर्चमागच्या ओकच्या झाडांखाली सगळे गाव जेवायला जमे. खांबांना ताणून बसवलेली जाड तारेची जाळी हेच टेबल. त्यावर चादरी अंथरत. प्रत्येक घराची जागा ठरलेली, आणि त्या जागी तारेला त्या घरच्या बाईची चिंधी बांधलेली असे. रूफसची बायको ओरा ली, तिची चिंधी निळी होती. लग्नानंतर तिने शिवलेल्या पहिल्या एप्रनची. बाई वारली की तिच्या घराला एक वर्ष संधी मिळे. घरच्यांनी तोच पदार्थ आणायचा. पातेले रिकामे परत गेले तर चिंधी राहायची. नाहीतर सोडून घ्यायची आणि जागा दुसरीला द्यायची. ओराची जागा सगळ्यात मोठ्या ओकच्या सावलीत होती आणि ब्यूला गेन्सला ती तिच्या पीचच्या गोड पदार्थासाठी कधीपासून हवी होती.

ओरा फेब्रुवारीत गेली. शेवटची काही वर्षे तिचे मूत्रपिंड थकले होते. खारवलेले डुकराचे मांस डॉक्टरांनी बंद केले, तेव्हा ती घरी येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझ्याच पातेल्यापाशी उभी राहून मी कोरडा मक्याचा पाव खाऊ? जमायचं नाही." मग तिने रूफसला अंगणातल्या धुरीच्या खोपटात पाठवले. तिचे वडील तिथे डुकराच्या तंगड्या टांगायचे. तिने कांदे आणि लाल मिरच्या टांगायला लावल्या. खाली हिकरीच्या लाकडाच्या ओल्या ढलप्या. रूफस दिवसभर तिथे स्टुलावर बसून विस्तव जपायचा. भडकू द्यायचा नाही आणि विझूही द्यायचा नाही. शाळेची बस त्याने अशीच चालवली होती. कुणाचे पोर बूट हातात घेऊन धावत येताना दिसले तर थांबायचा, पण शाळेची घंटा कधी चुकवली नाही.

त्या उन्हाळ्यात तिने बिनहाडाची चवळी चर्चला नेली आणि सगळ्यांनी बोटे चाटून खाल्ली. घरी येताना तिने रूफसला बजावले, "कुणाला बोलायचं नाही. कळलं की पहिल्याच घासाला म्हणतील, काहीतरी कमी आहे."

तो बोलला नव्हता. आजही बोलायचे नव्हते.

त्याने झाकण उचलले. कांदा तेलात तांबूस-काळा होईपर्यंत परतलेला होता, धुरी दिलेल्या मिरच्या रश्शात फुगल्या होत्या. डावभर चवळी त्याने पातेल्याच्या कडेला दाबून चिरडली, रस्सा दाट झाला. मीठ शेवटी. व्हिनेगर त्याहूनही शेवटी, थेंबभर. हे त्याला येत होते.

"मी टाय बांधून येतो," तो म्हणाला. "झाकणाला हात लावू नकोस."

"मी काय लहान आहे?"

तो परत आला तेव्हा क्लोटिल टोपी काढून पातेल्यावर वाकली होती. डावाने तळ ढवळत होती, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, काहीतरी हरवल्यासारखी. पुडा टेबलावर तसाच बांधलेला होता. ओठाला रस्सा लागला होता.

"कुठाय?" तिने विचारले.

"काय?"

"हाड. चव लागतेय. ओराचीच चव लागतेय. तू आधीच टाकलंयस आणि मला उगाच नाचवतोयस."

"शोध."

तिने पुन्हा ढवळले. मग डाव हातात तसाच राहिला. तिने खिडकीबाहेर, धुरीच्या खोपटाकडे बघितले. दाराशी ढलप्यांचा ढीग होता. ती हळूच खुर्चीत बसली.

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून."

"म्हणजे मी दरवर्षी दोन-दोन वाडगे... आणि मला, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत डेट्रॉइटला कळलं असतं."

क्लोटिलने त्याच्याकडे रागाने पाहिले. मग हसू आले, आणि हसता हसता तिने शेजारी टांगलेल्या एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. एप्रन ओराचा होता. ती गेल्यापासून तो खिळ्यावरून कुणी काढला नव्हता.

"बाई गं," ती म्हणाली, "तरीच ती स्वतः खायची. मी म्हणायची, डॉक्टरचं ऐकत नाही ही. शेवटच्या वर्षी किती बोलले मी तिला त्यावरून."

रूफसने पातेले जुन्या चादरीत गुंडाळले.

ओकखाली ब्यूला गेन्स आधीच उभी होती. कमरेला कात्री लटकत होती, चादरी कापायला म्हणून, पण नजर निळ्या चिंधीवर.

"ब्रदर रूफस, स्वतः रांधलंत की क्लोटिलनं?"

"मी, सिस्टर ब्यूला."

"बाई गेल्यावर माणसं कायकाय शिकतात!"

"आधीच शिकलो होतो. वाढू?"

तिने चमचाभर घेतले. थांबली. मग वाडगा पुढे केला.

नंतर रांग लागली. शिकागोची माणसे, त्यांची नातवंडे, बसमध्ये कधीकाळी मागच्या बाकावर मारामारी करणारे आणि आता टक्कल पडलेले बापे. "मिस्टर टॉलिव्हर, मला आठवतंय, तुम्ही माझ्यासाठी पुलापाशी थांबायचात." रूफस मान हलवत वाढत होता. पातेले हलके होत गेले.

तळ दिसू लागला तेव्हा डीकन एमॉस व्हिटलो काठी टेकत आले. चर्चच्या कारभाऱ्यांतले सगळ्यात म्हातारे. ओराच्या पातेल्यातले तळाचे हाड त्यांचे, असा त्यांचा हक्क होता, तरुणपणापासूनचा.

"माझं हाड ठेवलंस ना, रूफस? ओरा हल्ली दरवर्षी फसवायची मला."

आजूबाजूची माणसे हसली. ब्यूलाही वळून बघू लागली. रूफसच्या हातात डाव होता. खोटे बोलायचे त्याला कधी जमले नव्हते. ते काम ओराचे होते. ती कमरेवर हात ठेवून असे काही म्हणायची की म्हातारा हसत निघून जायचा. रूफसने तोंड उघडले आणि त्याला शब्द सापडेना.

"उशीर केलात, डीकन!" त्याच्या खांद्याशेजारून क्लोटिल कडाडली. कमरेवर हात. "एवढं लांबलचक गाणं म्हणत बसलात आत, हाड काय तुमची वाट बघत बसेल? गेलं! ज्यानं खाल्लं त्यानं खाल्लं. रस्सा घ्या नि गप बसा."

"ओराची बहीण शोभतेस," डीकन म्हणाले आणि वाडगा पुढे केला.

शेवटचा डाव ओरा नेहमी स्वतःसाठी ठेवायची आणि उभ्याउभ्याच खायची. रूफसने तो एका वाडग्यात काढला. मक्याचा पाव चुरून घातला आणि निळ्या चिंधीपाशी उभ्याने खाल्ला. ब्यूला आली, तिने रिकाम्या पातेल्यात डोकावून पाहिले. मग चिंधीची सैल झालेली गाठ तिने दोन्ही हातांनी ओढून घट्ट केली आणि पलीकडे निघून गेली.

संध्याकाळी रूफसने पातेले ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर ठेवले. मातीच्या रस्त्याला लागताच झाकण खडखडायला लागले. तो दचकला. इतकी वर्षे हा रस्ता, हेच पातेले, पण झाकण वाजते हे त्याला माहीतच नव्हते. येताना ते नेहमी तिच्या मांडीवर असायचे.

त्याने ट्रक हळू केला. झाकण वाजतच राहिले. मग त्याने ते तसेच वाजू दिले, घरापर्यंत.