चौदाव्या खांबाची पाटी

बाबांचा शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. सकाळी सात वाजता, विजेच्या तारांवर काम करणारे आम्ही चौघं ट्रकच्या मागे उभे राहिलो. घरी ते बाबा. कामावर ते आमचे मुकादम, मीही त्यांना आर्वोच म्हणायची.

"रेनो, सातव्या खांबाचा स्विच बंद कर."

"हो."

"हो हे उत्तर नाही. ऐकलंस ते परत सांग."

"सातव्याचा बंद करतो. आणि आज गावात अंधार करत नाही," रेनोनं स्वतःवरचा विनोद स्वतःच उरकून टाकला. डेल खिदळला.

तीन वर्षांपूर्वी कामापुरती जोडलेली अर्थिंगची तार खांबावरून काढायची राहून गेली होती आणि वीज सोडताच सगळं गाव दोन तास काळोखात बसलं होतं. तार रेनोचीच, असं सगळ्यांनी धरलं. त्याला स्वतःलाही नक्की आठवेना, म्हणून त्यानं मान खाली घातली.

तार माझी होती.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" बाबांनी विचारलं. हे विचारून ते रोज जरा जास्तच वेळ थांबत.

"नाही, आर्वो," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी बूट घालताना ते खुर्चीतच गेले.

महिन्याभरानं त्यांची जागा मला मिळाली. नोव्हेंबरच्या ओल्या बर्फानं तळ्याकाठची तार तोडली. साठ घरं गारठली होती. मला घाई होती. तारेत वीज आहे का ते सांगणारी तपासणीची काठी ट्रकमध्येच राहिली आणि मी ट्रकच्या पाळण्यातून वर पोचलेही.

"चौदाव्याचा बंद?" मी वरून ओरडले.

"चौदाव्याचा बंद केला," रेनो खालून म्हणाला.

मी तारेकडे हात नेला.

"थांब! हेल्मी, हात मागे घे! खांबाच्या पाटीवर बर्फ होता. मी आकडा वाचलाच नाही. अंदाजानं केला."

"अरे देवा, रेनो, पुन्हा?" डेल म्हणाला.

"पुन्हा तर पुन्हा. काठी आण आधी."

डेलनं काठी वर दिली. ती तारेजवळ नेताच किंचाळायला लागली. वीज चालू होती.

आधीच एक चूक ज्याच्या माथी मारलेली, त्यानं दुसरी आपणहून ओरडून सांगितली होती. म्हणून मी जिवंत होते.

दुपारी तळ्याकाठच्या खिडक्या एकेक करून उजळल्या. लोक ओट्यांवर येऊन पातेली बडवू लागले. एका आजीनं आमच्या हातात गरम पेस्ट्या कोंबल्या, आत मांस आणि बटाटा. डेलनं रेनोला कमरेला धरून उचललं.

"अंधारवाल्यानं उजेड पाडला रे!"

"खाली ठेव, गाढवा, पेस्टी पडेल!" रेनो हसत होता. तळ्याकाठचे सगळे हसत होते. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"रेनो," मी म्हणाले, त्या गोंगाटातही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तीन वर्षांपूर्वीची ती तार तुझी नव्हती. माझी होती. मी ती काढली नव्हती, आणि काढली म्हणून बाबांना खोटं सांगितलं."